घमेल्याच्या अडीच मीटर अलीकडे

कूलर माळ्यावरून खाली काढायचा रविवार मी दरवर्षी कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवते. त्याखाली बारीक अक्षरात कामं: टाकी घासणे, जुनं गवत काढून नवं भरणे, पंप चालतो का पाहणे, खिडकीत लावायची फळी शोधणे. फळी दरवर्षी हरवते आणि दरवर्षी पलंगाखालीच सापडते, तरी ती यादीत असते. नागपुरात हे काम लांबणीवर टाकून चालत नाही. आज पहाटे पायाशी ओढून घेतलेली चादर पुढच्या आठवड्यात ओली करून खिडकीला टांगावीशी वाटते, इतक्या घाईने इथला उन्हाळा येतो.

यंदा नवं गवत, म्हणजे लाकडाचा बारीक कीस, भरलं, त्यावर पाणी सोडलं आणि ओल्या लाकडाचा तो गार, किंचित मातकट वास गच्चीभर पसरला. तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. मनीषनगरात आमच्या गच्चीवरून विमानं बरीच खाली आलेली दिसतात, चाकं बाहेर काढलेली, पोटाखालचे दिवे लागलेले. ती बेसाकडून येतात आणि आमच्यावरून विमानतळाकडे उतरत जातात. मी पाइप हातात तसाच धरून वर पाहत राहिले. डोक्यात आपोआप हिशोब सुरू झाला: यातून आत्ता काही सोडलं, तर ते पडेल कुठे?

कूलरच्या वासाने कोणाला माहेरची दुपार आठवते, कोणाला शाळेची सुट्टी. मला फिजिक्स आठवतं.

फिजिक्स माझा विषय नव्हे. मी एका इस्पितळाच्या भांडारात काम करते. सलाइन, पट्ट्या, हातमोजे, सुया, प्रत्येकाची जागा ठरलेली आणि प्रत्येकाची नोंद. तीच सवय घरी आली आहे. आमच्याकडे किराण्याची यादी वेगळी, दुरुस्तीची वेगळी, आणि लग्नात कोणाला काय दिलं याची वेगळी. मितूचे बाबा म्हणतात, "तुह्या आईनं मले पसंत केलं, तेव्हाबी यादी होती. मी तिसऱ्या नंबरवर होतो." हे खरं नाही. ते दुसऱ्या नंबरवर होते.

मितू म्हणजे आमची एकुलती एक मुलगी, संघमित्रा. ती बारावीला होती त्या उन्हाळ्याची ही गोष्ट. तिला लहानपणापासून विमानांचं वेड. उडवायचं नव्हे, उघडायचं. गच्चीवर उताणं पडून ती विमानाचं पोट पाहायची आणि विचारायची, "आई, याचा स्क्रू ढिला झाला तर कोन कसते?" कोणीतरी कसत असेल, असं मी सांगायचे. "मंग मीच कसीन," असं तिने दुसरी-तिसरीत असताना ठरवलं, आणि ते बारावीपर्यंत टिकलं. विमानांची देखभाल शिकवणाऱ्या संस्थेचं माहितीपत्रक तिने स्वतः मागवलं होतं. प्रवेशाची अट एका ओळीची होती: फिजिक्स आणि गणितासह बारावी पास.

गणितात प्रश्न नव्हता. फिजिक्समध्ये पूर्वपरीक्षेत ती नापास झाली.

मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. फ्रिजवर तक्ता लावला. प्रकरणं डावीकडे, तारखा वर, झालेल्या भागाला हिरवा रंग, राहिलेल्याला लाल. सीताबर्डीला जाऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानातून गणितं सोडवायचं एक जाडजूड पुस्तक आणलं. सकाळी दूध तापेपर्यंत दोन गणितं, संध्याकाळी चहाबरोबर दोन. मितूने हे सगळं मुकाट्याने केलं. तक्ता हिरवा होत गेला. मी खूश. तक्ता हिरवा झाला की काम झालं, असं माझं भांडारातलं शिक्षण सांगतं.

एका रविवारी मी तिची वही तपासायला घेतली. मला गणितं कळत नव्हती, पण मागच्या पानावरचं उत्तर आणि वहीतलं उत्तर जुळतं की नाही एवढं तर कोणालाही कळतं. तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. गणित होतं पुराच्या पाण्यात अडकलेल्या माणसांसाठी विमानातून अन्नाचं पाकीट टाकायचं. विमान जमिनीपासून पाचशे मीटर उंच, वेग सेकंदाला शंभर मीटर. माणसांच्या किती आधी पाकीट सोडावं? मितूने खाली नीट मांडणी केली होती. पडायला लागणारा वेळ दहा सेकंद, म्हणजे हजार मीटर, एक किलोमीटर आधी. हेच उत्तर मागे छापलेलं होतं. पण तिने त्यावर काट मारली होती आणि शेजारी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: शून्य. माणसांच्या बरोबर डोक्यावर.

पुढचं गणितही तसंच. त्याच्या पुढचंही. विमान आलं की बरोबर उत्तर, त्यावर काट, मग शून्य.

"मितू, हे काय आहे? बरोबर आलेलं काहून खोडून राहिली तू?"

"पटत नाही मले."

"पटायचं काय त्यात? मागे छापलंय ना."

"छापलं म्हणून खरं का?" ती कूलरच्या पुढ्यात बसली होती, केस उडत होते. "तू सांग आई. पाकीट सोडलं. हात सुटला. आता पाकिटाले हात लागून नाही, इंजिन लागून नाही. मंग त्याले एक किलोमीटर पुढं कोन ढकलून राहिलं?"

मी वही मिटली. कारण मनातून मला तिचंच बरोबर वाटत होतं. सोडलेली वस्तू खाली पडते, आणखी कुठे जाणार?

मितूचे बाबा वीज केंद्रातून पहिली पाळी करून आले, बूट काढता काढता त्यांनी प्रश्न ऐकला आणि ठामपणे म्हणाले, "मागं पडंल. विमान पुढं निघून जाते, पाकीट मागं राह्यते. साधी गोष्ट आहे."

म्हणजे एका घरात तीन माणसं आणि पाकीट तीन ठिकाणी. पुस्तक म्हणत होतं पुढे, बाप म्हणत होता मागे, मुलगी म्हणत होती सरळ खाली, आणि आई मुलीच्या बाजूने असून तसं बोलत नव्हती. ट्यूशनच्या सरांना मितूने विचारलं होतं. सर म्हणाले होते, "फॉर्म्युला लाव आणि पुढे चल, बेटा. शंका काढायला वेळ नाही आता." मितू पुढे गेली नाही. ती तशी मुलगीच नाही. लहानपणी चंद्र आपल्यामागे येतो असं कोणीतरी सांगितलं, तर मनीषनगरच्या रस्त्यावर तिने मला चारदा मागे-पुढे चालवलं होतं.

दोन दिवसांनी ती जेवताना म्हणाली, "फिजिक्सचा पेपर मी देत नाही."

मी पोळी वाढत होते. पोळी हातात राहिली.

"ज्या गोष्टीवर माझा भरोसा नाही, ते लिहून पास होऊ का? उद्या विमानाचा स्क्रू कसताना पण असंच करू? पुस्तकात लिहिलं म्हणून कसला, मले काही समजलं नाही, पण कसला?"

तिचे बाबा म्हणाले, "राहू दे ना मंग. दुसरं काही कर." त्यांचा स्वभाव असा सपाट रस्त्यासारखा. पण मितूच्या ताटात वरण तसंच गार होत होतं, आणि ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेरून नेमकं विमान चाललं होतं. दुसरं काही तिला करायचं नव्हतं. पेपर दिला नाही तर माहितीपत्रकातली ती एक ओळ तिच्या तोंडावर दार लावणार होती, आणि ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"मंग तुले पटायला काय पाहिजे?" मी विचारलं.

"कोनी टाकून दाखवा."

विमान आमच्याकडे नव्हतं. स्कूटर होती.

आणि संत्री होती. खालच्या मजल्यावरच्या वानखेडेकाकूंच्या भावाची काटोलकडे बाग आहे. मृग बहराची फळं निघाली की तो बहिणीला पोतं भरून पाठवतो आणि काकू ते जिन्यातल्या सगळ्या दारांत वाटतात. दरवर्षी इतकी येतात की शेवटी आपण संत्र्यांना कंटाळतो, आणि पोत्याच्या तळची काही मऊ पडतात. मी खराब संत्री वेगळी काढली, एका पिशवीत भरली. जिन्यातून वाळूचं घमेलं घेतलं, गच्चीच्या डागडुजीनंतर उरलेलं. मोजायची फीत, खडू, पाण्याची बाटली, जुना टॉवेल. यादी केली, टिकमार्क केले. माझ्या आयुष्यात इतका आनंदाचा टिकमार्क फार थोड्या वेळा झाला असेल.

काकू जिन्यात उभ्याच होत्या. "कुठं चालली वं सगळी वरात?"

"बेसाला. संत्री टाकाले."

"टाकाले?" काकूंनी पिशवीत डोकावलं. "माह्या भावानं खायाले पाठवले. तुमच्या घरी संत्रं खायाची सोय नाही का वं? थांब, मीबी येतो. माझे संत्रे कसे वाया जाते ते मले पाहायचं आहे."

बेसाच्या पलीकडे तेव्हा लेआउटच लेआउट होते. अजूनही आहेत, फक्त आता त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. तेव्हा नुसते आखलेले प्लॉट, सिमेंटचे सरळ रस्ते, रस्त्याच्या कडेला नावं लिहिलेले दगड, आणि माणूस एकही नाही. घर बांधायच्या आधी रस्ता बांधून ठेवायची आमच्याकडची ही रीत. दूर कुठल्याशा शेताच्या बांधावर पळस फुलला होता, पान एक नाही, नुसता केशरी. सकाळची वेळ असूनही सिमेंटवरून ऊन डोळ्यांत परतत होतं. रस्त्याच्या मधोमध आम्ही घमेलं ठेवलं. मितूच्या बाबांनी एका दगडावर बसकण मारली. ते पंच. काकू शेजारच्या दगडावर, मांडीत संत्र्यांची पिशवी. त्या दारूगोळ्याच्या अधिकारी.

मी स्कूटर चालवायची, मितू मागे बसून हात बाहेर काढणार आणि घमेल्याच्या बरोबर वर आल्यावर संत्रं सोडणार. तिच्या मते संत्रं घमेल्यात पडायला हवं होतं. तिच्या बाबांच्या मते घमेल्याच्या मागे.

मी वेग धरला. घमेलं जवळ आलं, बाजूने गेलं, मितूने हात उघडला. मागे 'फट्' असा आवाज झाला.

वळून आले तर घमेलं कोरडं. संत्रं पुढे रस्त्यावर फुटून पडलं होतं, चांगलं दोन-तीन पावलं पुढे, आणि त्याचा रस सिमेंटवर वाळत होता.

"तू उशिरा सोडलं," मी म्हणाले.

"बरोबर वरती सोडलं!"

"पुन्हा."

पुन्हा. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा मी वेग कमी केला, तर संत्रं घमेल्याच्या जरा जवळ आलं, पण पुढेच. वेग वाढवला तेव्हा भलतंच लांब गेलं. एकही मागे पडलं नाही. मितूचे बाबा टोपी डोळ्यांवर ओढून घेऊन म्हणाले, "आता मी काही बोलत नाही."

"बोलू नकाच," काकू म्हणाल्या. त्या पिशवीतलं त्यातल्या त्यात बरं संत्रं सोलून खात होत्या.

आणि मग खरं भांडण झालं, ज्यामुळे हा सगळा हंगाम माझ्या लक्षात राहिला. मितू स्कूटरवरून उतरली, रागाने लालबुंद. "पण मी खाली पाहून राहिली होती! संत्रं सरळ खाली गेलं. माझ्या पायापाशीच होतं, पुढे-बिढे काही गेलं नाही. सरळ रेषेत!"

"काय सरळ रेषेत?" तिचे बाबा दगडावरून उठले. "मी इथून पाह्यलं ना. असं गेलं," त्यांनी हातानं हवेत लांबट कमान काढली, "पुढं-पुढं जात खाली आलं. तू मले शिकवते का? मी बाजूने पाहून राहिलो होतो!"

"तुम्ही उन्हात बसले, तुमचे डोळे…"

"माझे डोळे? तू स्वतः स्कूटरवर हलून राहिली होती!"

"अरे हां!" मितू म्हणाली.

 बराच वेळ ती रस्त्यावरच्या फुटलेल्या संत्र्याकडे पाहत राहिली. तिचे ओठ हलत होते. एक गाय कुठूनशी आली होती आणि एकेक फुटलेलं संत्रं सावकाश संपवत येत होती. मितूला ती दिसतसुद्धा नव्हती.

"मी हलून राहिली होती," ती हळू म्हणाली. "संत्रंबी माझ्यासोबतच हलून राहिलं होतं. माझ्या हातात असताना. म्हणून मले ते सरळ खाली जाताना दिसलं. मी आणि ते एकाच वेगानं पुढं जात होतो ना! सोडलं तरी त्याचा तो वेग त्याच्याजवळच राहिला. कोनी ढकलायची गरजच नाही. कोनी थांबवलंच नाही त्याले!" मग ती बाबांकडे वळली. "तुम्ही पण बरोबर. तुम्ही उभे होते."

"मी बरोबर?" त्यांचा विश्वास बसेना. आमच्या घरात ही गोष्ट वारंवार घडत नाही.

पुढचं तिनेच केलं. फीत घेऊन स्कूटरवर बसल्यावर तिचा हात जमिनीपासून किती उंच येतो ते मोजलं: सव्वा मीटर. तेवढं पडायला अर्धा सेकंद. मी वेगाचा काटा ताशी अठरा किलोमीटरवर धरला, म्हणजे सेकंदाला पाच मीटर. मग अर्ध्या सेकंदात अडीच मीटर. तिने घमेल्याच्या अडीच मीटर अलीकडे रस्त्यावर खडूची रेघ ओढली, आणि मला म्हणाली, "आई, काटा हलू देऊ नको."

मी काटा हलू दिला नाही. रेघ आली. घमेलं अजून बरंच पुढे होतं, आणि तिथे, माझ्या मते अगदी नको त्या जागी, मितूने हात उघडला. या वेळी मीही एका डोळ्याने खाली पाहिलं. संत्रं तिच्या पायाशेजारून आमच्याबरोबर चाललं होतं, जणू त्यालाही कुठे जायचं होतं, आणि चालता चालता खाली उतरत होतं. मग 'धप्' असा वाळूचा आवाज आला.

काकू उठून टाळ्या वाजवू लागल्या आणि मांडीतली पिशवी रस्त्यावर ओतली गेली. गायीची चंगळ झाली.

मग सगळ्यांनाच हात साफ करून घ्यायचा होता. मितूच्या बाबांनी स्कूटर चालवली, काकू मागे बसल्या. पहिल्याच खेपेला संत्रं घमेल्यात! "आमच्या घरचंच आहे, ऐकते माह्यं," त्या म्हणाल्या. मग मी मागे बसले.

मला जमलं नाही. माझ्यासारखी टापटिपीची बाई, जिच्या हातून भांडारातली सुई हलत नाही, तिला ते एकदाही जमलं नाही. रेघ यायची. मला दिसायची. हिशोब मला मान्य होता, तो मीच फितीने तपासला होता. आणि तरी हात उघडायचा नाही. घमेलं समोर दिसत असताना त्याच्या इतक्या आधी सोडून द्यायचं? हात म्हणायचा, थोडं अजून, अजून जवळ जाऊ दे, बरोबर वर पोचू दे, मग सोडू. मितू रस्त्याच्या कडेने पळत ओरडायची, "सोड! आई, सोड ना! आत्ता!" आणि मी घमेल्यावर आल्यावर सोडायचे, आणि माझं संत्रं प्रत्येक वेळी पलीकडे जाऊन फुटायचं.

"राहू दे वं," काकू म्हणाल्या. "हिच्या हातून काही सुटत नाही. उधार नेलेली वाटीबी सात वर्षं झाली, सुटली नाही." वाटी मी त्याच संध्याकाळी परत केली. परत करायच्या गोष्टींच्या यादीत होतीच ती.

परत येताना हातांना, स्कूटरला, मितूच्या वेणीला संत्र्याच्या सालीचा वास येत होता. अजूनही कोणी संत्रं सोललं आणि सालीचा तो बारीक फवारा उडाला, की मला सिमेंटचा रखरखीत रस्ता दिसतो आणि त्यावरची खडूची रेघ.

त्या दिवसानंतर फ्रिजवरचा तक्ता मी काढला. खरं सांगायचं तर मितूने काढला आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर नवी यादी लिहिली: मले न पटलेल्या गोष्टी. ती यादी आम्ही एकेक करून संपवत गेलो. पाण्याने भरलेली बादली गरगर फिरवली तर पाणी सांडत नाही, हे गच्चीवर करून पाहिलं. सांडत नाही, पण थांबवताना सांडतं, आणि ते काकूंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर. कूलरच्या पाइपमधून पाणी कोणत्या कोनात धरलं की सर्वात लांब जातं, हेही पाहिलं. सर्वात लांब म्हणजे शेजारच्या इमारतीतल्या बाल्कनीत. तिथून जे शब्द आले ते पुस्तकात नव्हते. मितूचे बाबा पाळीवरून आले की बूट काढायच्या आधी विचारायचे, "आज काय खोटं निघालं?" आणि मितू सांगायची, "काहीच नाही ना बाबा. सगळं खरंच निघून राहिलं." तिच्या आवाजात थोडी निराशा असायची, पण आनंदच जास्त.

आणि वहीत विमानाचं गणित आलं की आता काट नसायची.

फिजिक्सच्या पेपरच्या सकाळी मी नेहमीसारखी तयारीत होते. हॉल तिकीट, दोन पेन, एक जादा पेन, ओळखपत्र, पाण्याची बाटली, रुमाल. मी ठरवलं होतं की शाळेच्या फाटकापर्यंत नेईन, शिपायाला विचारून आत सोडता आलं तर वर्गाच्या दारापर्यंत जाईन, आकडा बघून बाकावर बसवीन. मागे बसलेल्या मितूला यातलं काही सांगितलं नव्हतं. ती तोंडाने काहीतरी पुटपुटत होती.

शाळा दिसू लागली. फाटकाशी आईबापांची गर्दी, कोणी दही भरवतंय, कोणी डोक्यावरून हात फिरवतंय. आम्ही कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी होतो, फाटक अजून बरंच पुढे होतं, तेव्हा मितूने माझ्या खांद्यावर थोपटलं.

"आई, इथंच सोड."

"इथं? फाटक तिकडे आहे."

"माहीत आहे. इथूनच बरोबर आहे."

मला आरशात तिचा चेहरा दिसला. ती हसत नव्हती, घाबरलेलीही नव्हती. ती हिशोब करून बोलत होती. माझा हात ब्रेकवर होता, आणि तो नेहमीप्रमाणे म्हणत होता, थोडं अजून. मी ब्रेक दाबला. ती उतरली, पिशवी खांद्याला लावली, मागे वळून पाहिलं नाही आणि चालू लागली. मी स्कूटरवर तशीच बसून राहिले. गाडी थांबली होती. ती मात्र त्याच वेगात पुढे चालली होती, गर्दीतून, फाटकातून, आत.

त्या वर्षी पेपरात विमानाचं एकही गणित आलं नाही. एकही नाही! मितूचे बाबा महिनाभर बोर्डावर चिडून होते. "एवढे संत्रे वाया गेले," म्हणायचे. मितूला काही वाटलं नाही. आलेल्या सगळ्या प्रश्नांत तिला न पटण्यासारखं काही नव्हतं, एवढंच ती म्हणाली. निकाल लागला तेव्हा काकूंनी पेढ्यांऐवजी संत्र्याची बर्फी वाटली, आणि वाटताना प्रत्येक दारात सांगितलं की पोरगी आपल्या भावाच्या बागेवर पास झाली.

ती आता हैदराबादला आहे. शेवटचं वर्ष. फोनवर सांगते की स्क्रू कसायला एक ठरावीक जोर लागतो, तो मोजायचं यंत्र असतं, आणि तरी ती पहिल्या दिवशी शिकवणाऱ्यांना 'काहून' विचारून आली. त्यांनी उत्तर दिलं म्हणे. चांगली माणसं असावीत.

ते घमेलं आमच्या गच्चीवरच आहे. त्यात मी सांबार लावला. सांबार म्हणजे कोथिंबीर, पण आमच्याकडे सांबारच म्हणतात आणि भाजीवर घातल्याशिवाय भाजी उतरत नाही. मितूला घरच्या सांबाराची पाटवडी लागते, म्हणून या आठवड्यात तो खुडलेला नाही. आज ती सुट्टीला येते आहे. सकाळपासूनच्या माझ्या यादीत कूलर आहे, पाटवडी आहे, तिच्या खोलीची चादर आहे. सर्वात खाली विमानतळ होतं: तिला आणायला जाणे, स्कूटरमध्ये पेट्रोल भरणे, बाहेर येण्याच्या दारापाशी आधीच उभं राहणे. दुपारी तिचा फोन आला. "आई, एअरपोर्टवर येऊ नको. मेट्रोनं येते मी. स्टेशनवरून चालत."

"सामान असेल ना?"

"आहे. येते ना."

एवढंच. मी यादीतल्या त्या ओळीवर रेघ मारली.

आता ऊन कलतं झालं आहे. कूलरची टाकी भरत आली आहे. बेसाच्या दिशेला एक दिवा दिसतो, मग त्याचं विमान होतं, मग त्याला चाकं फुटतात. मितूचे बाबा चहाचे कप घेऊन वर आले आहेत. काकूही गुडघे धरत आल्या आहेत, कारण विमानातून येणारी मुलगी त्यांच्या बागेवर पास झालेली आहे.

"तेच आहे," मितूचे बाबा म्हणाले. "वेळ जुळते. मितू बसून आहे त्याच्यात."

विमान आमच्या बरोबर डोक्यावर आलं, इतकं मोठं की क्षणभर गच्चीवर सावली सरकल्यासारखी वाटली. काकूंनी दोन्ही हात वर केले आणि मोठ्याने ओरडल्या, "टाक वं मितू एखादं संत्रं!"

"काकू, आता टाकून उपयोग नाही," मी म्हणाले. "आपल्या गच्चीवर पडायचं तर बेसाकडेच सोडायला पाहिजे होतं."

मितूचे बाबा माझ्याकडे पाहत राहिले. "तुले कधीपासून समजाले लागलं गा हे?" आश्चर्याने ते बाईला म्हणायचं 'वं' विसरून मला गड्यासारखं 'गा' म्हणाले.

विमान झाडांआड उतरलं. मी पाइप बंद केला, घमेल्यातला सांबार खुडला आणि खाली पाटवडीच्या तयारीला लागले.